एन्झाइमचा आकडा वाचताना

आतडं, जठर किंवा स्वादुपिंडाचा कर्करोग पसरू लागला की अनेकदा आधी यकृत गाठतो. या अवयवांतलं रक्त पोर्टल व्हेनमधून थेट यकृतात जातं, हे त्याचं मोठं कारण. तिथे रुजलेली गाठ बारीक पित्तनलिकांवर दाब आणते. मग यकृतात अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी ही एन्झाइम जास्त तयार होऊन रक्तात उतरतात. अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांतूनही येतं, जीजीटी हाडांतून येत नाही; म्हणून दोन्ही वाढली की संशय यकृतावर जातो. कर्करुग्णाचं एलडीएच हे एन्झाइम चढलं तर तीही धोक्याची खूण मानतात.

चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र हे आकडे जास्त जपून वाचावे लागतात. इथल्या अनेक कुटुंबांत सिकलसेल आहे आणि गडचिरोलीत मलेरियाही मोठ्या प्रमाणावर आढळतो. दोन्ही आजारांत तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातली एलडीएच व एसजीओटी ही एन्झाइम रक्तात मिसळतात. यकृतात एकही गाठ नसताना हे आकडे वाढलेले दिसतात. सिकलसेलमध्ये हाडांना इजा झाली की अल्कलाइन फॉस्फेटेजही वाढतं, आणि नियमित दारू घेणाऱ्याचं जीजीटी. सिकलसेलच्या नुसत्या वाहकात मात्र पेशी सहसा अशा फुटत नाहीत. त्याचं एलडीएच वाढलं तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

नमुन्याकडेही पाहायला हवं. सुई टोचताना ओढाताण झाली किंवा नळी उन्हात, खडबडीत रस्त्यावर हादरे खात तालुक्याला पोचली, तर पेशी नळीतच फुटतात. सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर वरचं सीरम फिकट पिवळं दिसायला हवं. ते लालसर दिसलं, तर एलडीएचवर विसंबू नये. रक्त पुन्हा घ्यावं.

याहून मोठा धोका नॉर्मल रिपोर्टचा आहे. यकृताची राखीव ताकद इतकी की लहान गाठी असूनही सगळी एन्झाइम मर्यादेत राहू शकतात. त्यामुळे कर्करोग पसरला आहे की नाही, हे एकट्या रक्ततपासणीवर ठरत नाही. त्यासाठी सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि गरज पडल्यास बायोप्सी लागते.

म्हणून कर्करोगाच्या तपासणीला जाताना सिकलसेलचं कार्ड आणि जुने रिपोर्ट सोबत न्या. अलीकडे आलेला ताप, चालू औषधं आणि दारूची सवय डॉक्टरांना न लपवता सांगा. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली सोनोग्राफी टाळू नका.