मिक्सरमधला तोल
आपण ‘बॅलन्स्ड मिक्सर’ म्हणतो, पण तोल कशाचा? आज इथे उस्मानपुऱ्यात एवढंच समजून घेऊ.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ३० अँटेना आहेत. त्यांचा एक पट्टा १०५० ते १४५० मेगाहर्ट्झचा. समजा, आपल्याला एवढ्याच रुंदीचा मिक्सर करायचा आहे. मिक्सर आलेल्या संकेतातून आणि ऑसिलेटरमधून फरकाची वारंवारता काढतो. १२५० आणि ११८० मधून ७०. अडचण अशी, की ऑसिलेटर फार बलवान. तो उलटा अँटेनाकडे गळतो. म्हणून दोन डायोड घ्यायचे आणि ऑसिलेटर दोघांना समान, पण उलट फेजमध्ये द्यायचा. संकेताच्या दाराशी दोन्ही गळत्या एकमेकींना खोडतात. हाच तोल. एकाचे असे दोन उलटे भाग करतो तो बालन.

सोपा उपाय म्हणजे एका वाटेत अर्ध्या तरंगलांबीची जादा लाइन. १२५० ला १८० अंश चोख मिळतात. पण ऑसिलेटर १४५० ला नेला, की होतात २०९. मग एरवीच्या गळतीचा सुमारे पंधरावा हिस्सा उरतोच.

मार्चंड यांनी १९४४ मध्ये वेगळी वाट दाखवली: पाव तरंगलांबीचे, शेजारच्या लाइनला जोडलेले दोन तुकडे. इथे उलटेपणा येतो तो रचनेतून, जादा लांबीतून नव्हे. म्हणून वारंवारता सरकली तरी तो बराच टिकतो.

तेव्हा बालन तपासताना मधला बिंदू पाहून समाधान मानू नये. दोन्ही टोकांना फेज आणि बल मोजावं. खरी परीक्षा तिथेच होते.