घाटातली सायकल आणि छातीतला दाब

पावसाळा सरला की साताऱ्याहून ठोसेघरला सायकलने जरूर जावे. अंतर सुमारे २५ किलोमीटर. वाटेत सज्जनगड, खाली उरमोडीचे पाणी, आणि ऑक्टोबरात धबधबाही बहुधा वाहता असतो.

‘डॉक्टर, चाळिशीनंतर घाट चढावा का?’ असे पुष्कळजण विचारतात. चढावा, पण आधी काही आठवडे सपाटीवर सराव हवा, आणि चढावर बोलता येईल इतकाच वेग.

चढताना छातीच्या मधोमध दाब येतो, कधी डाव्या हातात वा जबड्यात कळ जाते, थांबले की ओसरते. मंडळी ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पितात आणि पुन्हा पॅडल मारतात! हृदयाला रक्त कमी पडत असल्याचा हा इशारा असू शकतो. सायकल जीपमध्ये टाकून परत फिरावे व त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बसल्या जागचा ईसीजी साधा आला म्हणून निश्चिंत होऊ नये. विश्रांतीनेही दाब ओसरला नाही, तर लगेच १०८ ला फोन करावा.

मधुमेह्यांना कधी दुखतही नाही, नुसता दम लागतो. इन्सुलिन वा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. हात थरथरून घाम फुटला तर लगेच खायला खिशात साखर ठेवावी.