१७ वर्षांनंतरचा आवाज

इंडस क्रीड या मुंबईच्या रॉक बँडचा ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम २०१२ साली आला. त्याआधीचा त्यांचा अल्बम १९९५चा. मधल्या १७ वर्षांत कॅसेट गेली, सीडी रुळली आणि तीही जायला निघाली. बँड स्वतः १९९७ साली मोडला आणि २०१० साली पुन्हा उभा राहिला. एवढ्या खंडानंतर एकत्र आलेली मंडळी बहुधा जुनीच गाणी वाजवतात. श्रोते तीच मागतात आणि आयोजकही त्यांचेच पैसे देतात. इंडस क्रीडने आठ नवी गाणी केली आणि त्यांतलं एकही आपल्या जुन्या गाण्यांच्या साच्यात बसवलं नाही. आपल्याकडच्या रॉकसंगीतात पुनर्मीलनाचा एवढा धीट अल्बम मला दुसरा माहीत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात बसून इंग्रजी रॉकबद्दल लिहायचं कारण काय, असं कुणी विचारेल. पण मुंबईच्या या संगीताखालची जमीन आपल्याला अगदीच परकी नाही. जिल्ह्यातल्याच खामगावच्या कापसासाठी १८७० साली जलंबहून फाटा काढून रेल्वे आणली गेली. वऱ्हाडचा कापूस मुंबईला जाऊ लागला, काही बोटीत चढला आणि काही परळ-लालबागच्या गिरण्यांत शिरला. जानेवारी १९८२मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. नंतर धुराडी थंड पडत गेली आणि २००० नंतर त्याच आवारांत गाण्याबजावण्याच्या नव्या जागा उघडल्या. लोअर परळच्या मथुरादास मिलमध्ये ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झालं, तर बॉम्बे डाइंगच्या आवारात ‘हार्ड रॉक कॅफे’ आलं. इंडस क्रीड पुन्हा जमला तेव्हा मुंबईतलं स्वतंत्र बँडचं जग अशा जागांवर वाढत होतं. १९८४ साली हा बँड सुरू झाला तेव्हा मात्र यातलं काहीच नव्हतं.

तेव्हा त्याचं नाव होतं ‘रॉक मशीन’. बासवर मार्क सेल्विन, ड्रम्सवर मार्क मेनेझिस, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, गायला इयान सांतामारिया. पुढे उदय बेनेगल गायक म्हणून आला, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आला, आणि ज्या रॉक मशीनची आठवण लोक अजून काढतात तो बँड तयार झाला. त्या काळात रॉक बँड म्हणजे परदेशी गाणी हुबेहूब वाजवणारी पोरं, असंच समीकरण होतं. लेड झेपेलिन, डीप पर्पल यांची गाणी मूळ रेकॉर्डशी जितकी जुळतील तितका बँड चांगला. स्वतःचं गाणं सुरू झालं की श्रोत्यांतून जुन्या ओळखीच्या गाण्याची मागणी व्हायची. वाद्यंही सहज मिळत नसत. परदेशी गिटारवर जकात एवढी की ती कुणीतरी परदेशातून येताना आणली तर आणली. एरवी हाती यायची ती कोलकात्याला बनलेली गिवसन.

अशा वातावरणात रॉक मशीनने स्वतःची गाणी लावून धरली. धोबी तलावाजवळचं रंगभवन हे त्यांचं खरं घर. वर आभाळ, बाजूला सेंट झेवियर्स कॉलेज, आणि समोर हजारोंची गर्दी. १९८६ साली फरहाद वाडियांनी ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव सुरू केला आणि रंगभवन हे देशभरच्या रॉकवेड्यांचं ठिकाण झालं. (रुग्णालयं आणि शिक्षणसंस्था यांच्या सभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र पाळण्याचे नियम २००० साली आले आणि त्यानंतर हा मंच अशा कार्यक्रमांना बंद झाला. रुग्णांच्या बाजूने पाहिलं तर निर्णय योग्यच होता. पण तेवढ्या स्वस्तात तेवढी तरुण माणसं जमतील अशी दुसरी जागा शहराने दिली नाही, याचं दुःख आहेच.) १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा पहिला अल्बम आला आणि १९९० साली ‘द सेकंड कमिंग’.

या दोन्ही अल्बमांचा आवाज त्या दशकाचा आहे. गिटार करकरीत, ड्रम्सवर भरपूर घुमारा, आणि दुसऱ्यांदा ऐकताच तोंडात बसणारं धृपद. ‘टॉप ऑफ द रॉक’ हे गाणं तर मैदानातल्या गर्दीने एकसुरात म्हणावं म्हणूनच केलेलं आहे. त्यात अमेरिकी बँडची छाप उघड दिसते, पण ती विशी-पंचविशीतल्या मुलांची छाप आहे आणि तिच्यात खोटेपणा नाही.

१९९३ हे वळणाचं वर्ष. बँडने नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. सिंधू नदीचं नाव घेऊन आपण कुठले आहोत हे सांगावंसं त्यांना वाटलं. ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या व्हिडिओने त्याच वर्षी एमटीव्हीच्या व्हिडिओ पुरस्कारांत आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा मान मिळवला. स्टार टीव्हीच्या तबकड्या नुकत्याच गच्च्यांवर दिसू लागल्या होत्या. तालुक्याच्या गावातही केबलवाल्याने जोडणी दिली की हाँगकाँगहून येणारी एमटीव्ही ही वाहिनी घरात यायची, आणि परदेशी चेहऱ्यांच्या रांगेत अचानक बेनेगल, तिनईकर ही आपल्याकडची आडनावं असलेली माणसं दिसायची. त्या वर्षीच्या त्याच सोहळ्यात सर्वोत्कृष्ट व्हिडिओचा पुरस्कार पर्ल जॅम या अमेरिकी बँडच्या ‘जेरेमी’ला मिळाला होता. हा तपशील मुद्दाम नोंदवतो आहे, कारण पुढे तो पुन्हा लागणार आहे.

१९९५चा ‘इंडस क्रीड’ हा अल्बम रॉक मशीनपेक्षा फार पुढचा होता. त्यात भारतीय सुरावटींचे आणि ठेक्यांचे रंग आले, गाण्यांचे विषय मोठ्या वयाचे झाले. पण बाजाराचा काटा तोवर फिरला होता. १९९५ सालीच अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ घराघरांत पोचलं, पुढच्या वर्षी लकी अलीचा ‘सुनो’ आला. संगीतवाहिन्यांना कळलं की या देशात हिंदी गाण्यालाच मोठा प्रेक्षक आहे. ते साहजिकच होतं आणि त्यातून चांगली गाणीही निघाली, पण स्वतःच्या इंग्रजी गाण्यांवर उभ्या असलेल्या बँडची पडद्यावरची जागा त्यात गेली. १९९७ साली इंडस क्रीड थांबला. उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेला आणि जयेश गांधीबरोबर त्याने ‘आल्म्स फॉर शांती’ हा वेगळ्या धाटणीचा बँड चालवला. भारतात परतल्यावर तो आणि महेश तिनईकर ‘व्हर्लिंग कलापाज’ या नावाने विजेविना, साध्या गिटारींवर गात राहिले. जुनी ओळख या साध्या वाजवण्यातून हळूहळू परत जुळली असावी असं मला वाटतं. दोघे शांतपणे एकमेकांचं ऐकत वाजवू लागले की कोण किती बदललं ते चटकन कळतं.

२०१०मध्ये जमलेल्या इंडस क्रीडमध्ये जुने तिघे होते: बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया. बास आणि ड्रम्सवर मात्र रुशाद मिस्त्री आणि जय राव कवी हे त्यांच्यापेक्षा एका पिढीने लहान वादक आले. माझ्या मते ‘इव्हॉल्व्ह’चं सगळं इंगित या निवडीत आहे.

जुन्या बँडचा आवाज ताजा करायचा म्हटलं की पहिलं लक्ष वरच्या थराकडे जातं. नवा सिंथेसायझर आणायचा, संगणकावरचे ठेके मिसळायचे, कुणा तरुण गायकाला एका कडव्यापुरतं बोलवायचं. असे अल्बम वर्षभरात शिळे होतात, कारण खालची चाल तीच असते. भजनात मृदंग वाजवणारा बदलला की तोच अभंग, तोच बुवा, तेच टाळकरी असूनही सगळ्यांचा श्वास बदलतो. रॉकमध्ये हे काम ड्रम्स आणि बास मिळून करतात. राव कवीचं वाजवणं १९८०च्या दशकातल्या सरळ चार मात्रांच्या ठेक्यावर थांबत नाही. तो मोकळ्या जागा ठेवतो, ठेका मध्येच मोडून पुन्हा जोडतो, हलक्या हाताने सुरू करून वजन वाढवत नेतो. मिस्त्रीचा बास गिटारच्या मागे लपत नाही, स्वतःची वेगळी सुरावट धरून चालतो. या दोघांच्या वर वाजवताना तिनईकरला जुन्या सवयीचे तुकडे वापरता येईनात, बालापोरियाला नुसता सूर भरून भागेना आणि गायकाला प्रत्येक ओळीची उडी नव्याने मोजावी लागली. नव्यांनी जुन्यांना असं कामाला लावलं.

त्यामुळे गाणी लांबली. चार मिनिटांत कडवं-धृपद-कडवं उरकण्याऐवजी इथे वादनाला जागा आहे, मंद भाग आहेत आणि अचानक दाटणारे भागही आहेत. जाणकार याला प्रोग्रेसिव्ह रॉककडचा कल म्हणतात. सुरुवातीचं ‘फायरफ्लाइज’ त्यातल्या त्यात जुन्या श्रोत्याचा हात धरणारं आहे. ‘डिझॉल्व्ह’ आणि ‘द मनी’मध्ये गडद रंग उतरतो. ‘बुलेटप्रूफ’ पार करून ‘गुडबाय’पर्यंत पोचतो तेव्हा आपण ‘टॉप ऑफ द रॉक’ म्हणणाऱ्यांचंच गाणं ऐकतो आहोत हे स्वतःला बजावावं लागतं. बेनेगलचा आवाज इथे ओरडत नाही. वरची पट्टी त्याच्याकडे आहे, पण ती तो राखून वापरतो, आणि त्या राखण्यामुळे शब्दांना वजन येतं.

पुढचा टप्पा मिश्रणाचा. प्रत्येक वाद्य वेगळं ध्वनिमुद्रित होतं, मग कुणीतरी बसून ठरवतो की गिटार किती पुढे, ड्रम्स किती खोल, आवाजाभोवती किती हवा. चित्रपटगीतांसाठी बांधलेल्या मुंबईच्या जुन्या स्टुडिओंत गायकाचा आवाज सर्वांत पुढे ठेवायची रीत होती. रॉकला ती मानवत नाही, त्यात ड्रम्स छातीवर आदळावे लागतात. इंडस क्रीडने हे काम टिम पामर या इंग्रज ध्वनितज्ज्ञाकडे दिलं. पर्ल जॅमच्या १९९१च्या ‘टेन’ या अल्बमचं मिश्रण पामरचंच, आणि ‘जेरेमी’ हे गाणं त्याच अल्बममधलं. १९९३च्या सोहळ्यात ज्या गाण्याने सर्वांत मोठा मान मिळवला, त्याचा आवाज घडवणारा माणूस १९ वर्षांनी मुंबईच्या बँडच्या गाण्यांवर हात फिरवत होता. पॉर्क्युपाइन ट्री या ब्रिटिश बँडच्या ‘इन ॲब्सेन्शिया’चं मिश्रणही त्याचंच. ‘इव्हॉल्व्ह’मधले धुकट, थरांवर थर चढवलेले भाग ऐकले की पामरचीच निवड का केली असेल हे उमगतं. शेवटचं मास्टरिंग, म्हणजे सगळी गाणी एका पातळीवर आणून अल्बमला एकसंध करण्याचं काम, न्यूयॉर्कच्या अँडी व्हॅनडेटने केलं.

पुन्हा एकत्र आल्यावर जुनंच वाजवायचं की नवं काही करायचं, हा पेच जगभरच्या बँडना पडतो. डीप पर्पलचे जुने पाच जण १९८४ साली, म्हणजे रॉक मशीन जन्मला त्याच वर्षी, पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ काढला. तो सुंदर अल्बम आहे, पण त्यात डीप पर्पलने डीप पर्पलच राहायचं ठरवलं होतं. ईगल्सने १४ वर्षांनी एकत्र येऊन १९९४मध्ये जो अल्बम दिला त्यात चार नवी गाणी होती आणि बाकी जुन्या गाण्यांचा मंचीय प्रयोग. दोन्ही वाटा समजण्यासारख्या आहेत, दोन्हींना कोट्यवधी श्रोते होते. इंडस क्रीडजवळ तेवढा श्रोता नव्हता, जपायला मोठी मिळकत नव्हती, आणि ‘अल्बम’ ही वस्तूच तेव्हा गाण्यागाण्यात विखुरत चालली होती. तरी त्यांनी आठ गाण्यांचा सलग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचा अल्बम केला.

त्यात उणं काही नाही असं नाही. काही गाण्यांत बांधणीचा विचार एवढा पुढे आहे की सूर मनात रेंगाळायला वेळ लागतो. रंगभवनात गळा मोकळा करून गाणाऱ्या पिढीला इथे गाता येण्याजोगं धृपद कमी सापडतं, आणि त्यांची ही तक्रार मला खरी वाटते. १९९५च्या अल्बममधला देशी रंगही इथे मागे सरला आहे. मला त्याची उणीव काही ठिकाणी जाणवली. इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय बँडने प्रत्येक वेळी आपलं भारतीयपण सिद्ध करत बसावं ही अपेक्षा मात्र अन्यायाची आहे. गिटार घेऊन वर्षानुवर्षं मुंबईत वाजवणाऱ्यांचं संगीत मुंबईचंच असतं.

आपल्या जिल्ह्यात गिटार शिकणारी मुलं आता विरळ नाहीत. बुलढाण्यात, खामगावात, मलकापुरात ती मोबाइलवर पाहून शिकतात, ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या मित्राला घेऊन गणपतीत उभी राहतात, आणि बहुतेक वेळा दुसऱ्यांचीच गाणी वाजवतात, कारण मंडळाची मागणी तीच असते. त्यांनी ‘इव्हॉल्व्ह’ एकदा हेडफोन लावून, गिटारकडे मुद्दाम दुर्लक्ष करून ऐकावा. पहिल्या फेरीत फक्त बास, दुसऱ्या फेरीत फक्त ड्रम्स, आणि तिसऱ्या फेरीत उदय बेनेगल कुठे श्वास घेतो ते. मग ‘प्रिटी चाइल्ड’ लावावं, आणि त्यामागोमाग १९८८चा अल्बम.