भांगेतील द्रव्ये आणि आतड्यांचा दाह

भांग, गांजा आणि चरस ही नावे सर्वांच्या परिचयाची असली, तरी ती एकाच वनस्पतीची तीन रूपे होत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे वाळविलेले शेंडे म्हणजे गांजा आणि त्यांवर पाझरणारी राळ म्हणजे चरस. या वनस्पतीचा पोटाच्या विकारांशी असलेला संबंध भारतीय वैद्यकाने फार पूर्वी ओळखला होता. जातीफलादी चूर्णात भांग असते, आणि ते ग्रहणीवर, म्हणजे जुनाट अतिसारासारख्या विकारावर, देण्याचा प्रघात आहे. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ साली या वनस्पतीचे प्रयोग प्राण्यांवर व नंतर रुग्णांवर करून त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या रुग्णांत पटकीचेही रुग्ण होते.

परंतु जुलाब थांबणे आणि आतड्यांचा दाह शमणे या दोन भिन्न गोष्टी होत. आजच्या संशोधनातील खरी अडचण येथेच आहे.

आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे दोन प्रमुख रोग आहेत. एक क्रोनचा रोग. त्याचे वर्णन न्यूयॉर्कमधील डॉ. क्रोन व त्यांचे सहकारी यांनी १९३२ साली केले. दुसरा मोठ्या आतड्यास व्रण पाडणारा बृहदांत्रदाह. दोहोंत शरीराच्या संरक्षक पेशी बाहेरचा शत्रू नसतानाही आतड्याच्या अस्तरावर जणू हल्ला चढवितात. पोटात कळा येतात, रक्तमिश्रित जुलाब होतात, वजन घटते. दाह वर्षानुवर्षे राहिल्यास आतडे अरुंद होऊन शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही. भारतात क्रोनच्या रोगाचे आतड्याच्या क्षयाशी इतके साम्य दिसते, की अनुभवी वैद्यकतज्ज्ञांनाही निदान करणे जड जाते. स्टेरॉइड औषधे दाह लवकर आटोक्यात आणतात, पण ती दीर्घकाळ घेणे हितावह नसते. म्हणूनच नव्या औषधांचा शोध सतत चालू असतो.

इस्रायलमधील वाइझमन संस्थेत राफाएल मेशुलाम व येहिएल गाओनी यांनी १९६४ साली गांजातील नशा आणणारे मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची रचना निश्चित केली. त्याचे नाव टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल. याच वनस्पतीतील दुसरे महत्त्वाचे द्रव्य कॅनाबिडिऑल. त्याने नशा येत नाही. ही द्रव्ये शरीरात कोठे लागू पडतात, हे कोडे पुढे सुटले. कुलपात विशिष्ट किल्लीच बसावी, त्याप्रमाणे पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राही नावाच्या रेणूंत विशिष्ट द्रव्येच बसतात. टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल ज्यात बसते असा पहिला ग्राही १९८८ साली मेंदूत आढळला, तर दुसरा, मुख्यतः संरक्षक पेशींवर असणारा, १९९३ साली.

निसर्गाने हे कुलूप गांजाकरिता घडविले नसणार, हे उघड होते. शरीराची स्वतःची किल्ली १९९२ साली डुकराच्या मेंदूत सापडली. मेशुलाम यांच्या सहकाऱ्यांनी 'आनंद' या संस्कृत शब्दावरून तिला आनंदामाइड असे नाव दिले. तशाच एका दुसऱ्या द्रव्याचा शोध १९९५ साली प्रसिद्ध झाला. ते मात्र मेंदूत नव्हे, तर कुत्र्याच्या आतड्यात मिळाले होते. आतड्याच्या भिंतीतील मज्जातंतूंवर पहिल्या प्रकारचे ग्राही असतात; ते उद्दीपित झाले की आतड्याची हालचाल मंदावते. भांगेने जुलाब का थांबतात, याचा उलगडा यावरून होतो. दाहासंबंधीचा पुरावा २००४ साली उंदरांवरील प्रयोगांतून मिळाला. ज्या उंदरांत हे ग्राही नव्हते, त्यांच्या आतड्यातील दाह अधिक तीव्र झाला. उलट आनंदामाइडचे विघटन करणारे एन्झाइम ज्यांच्यात नव्हते, त्यांना पुष्कळ संरक्षण मिळाले.

मात्र उंदीर बरा झाला म्हणजे माणूस बरा झाला, असे नव्हे. इस्रायलमध्ये क्रोनच्या रोगाच्या २१ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. आठ आठवडे ११ जणांनी गांजाच्या सिगारेटी ओढल्या व १० जणांनी द्रव्य काढून घेतलेल्या फुलांच्या. पहिल्या गटातील १० जणांची लक्षणे लक्षणीय प्रमाणात कमी झाली, दुसऱ्यातील केवळ ४ जणांची. लक्षणांपासून पूर्ण मुक्तता अनुक्रमे ५ व १ जणास मिळाली. पण इतक्या थोड्या रुग्णांत हा फरक योगायोगाचाही असू शकतो. शिवाय नशा चढली की आपणांस खरे औषध मिळाले, हे रुग्ण सहज ताडतो, आणि मग बरे वाटण्यात अपेक्षेचा वाटा किती हे सांगणे कठीण होते.

पुढील प्रयोगांनी उत्साहास आवर घातला. बृहदांत्रदाहाच्या ६० रुग्णांना कॅनाबिडिऑलयुक्त अर्क दिला असता रोगमुक्ततेचे प्रमाण २८ टक्के भरले, निष्क्रिय गोळ्यांच्या गटात २६ टक्के. हे निष्कर्ष २०१८ सालचे. क्रोनच्या ५६ रुग्णांना कॅनाबिडिऑल अधिक असलेले तेल दिले, तेव्हा त्यांची लक्षणे घटली व त्यांना बरे वाटू लागले; परंतु दुर्बिणीने आतडे पाहिले असता दाह कमी झाल्याचे दिसले नाही. हा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला.

वेदना लोपल्या, भूक लागली, झोप येऊ लागली, की रुग्ण मूळ औषध सोडून देतो, आणि आत दाह चालूच राहतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका पाहणीत, सहा महिन्यांहून अधिक काळ गांजा वापरणाऱ्या क्रोनच्या रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज अधिक पडल्याचे आढळले. अर्थात ज्यांचा रोग मुळातच तीव्र, तेच गांजाकडे अधिक वळले असतील, ही शक्यता नाकारता येत नाही. शुद्ध कॅनाबिडिऑलला अमेरिकेत अपस्माराच्या काही दुर्मिळ प्रकारांसाठी २०१८ साली मान्यता मिळाली. आतड्याच्या दाहासाठी मात्र अशा कोणत्याही द्रव्याची उपयुक्तता अद्याप सिद्ध झालेली नाही. भारतात १९८५ च्या कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी असून वैद्यकीय व शास्त्रीय कार्यासाठी परवान्याची तरतूद आहे.

आनंदामाइडचे विघटन रोखून शरीराच्याच द्रव्याचे बळ वाढवावे, ही कल्पना उंदरांवरील प्रयोगांमुळे आकर्षक वाटते. परंतु अशाच एका द्रव्याची फ्रान्समधील रेन येथे निरोगी स्वयंसेवकांवर चाचणी चालू असता २०१६ साली एकाचा मृत्यू झाला. मेंदूत न शिरता केवळ आतड्यातील ग्राहींवर कार्य करील, असा रेणू बनविण्याकडेही काही रसायनशास्त्रज्ञांचे लक्ष लागले आहे.