रविवारचा गल्ला

पहाटे पावणेसहा. दुकान उघडतो तेव्हा म्हापसा-डिचोलीकडे जाणाऱ्या मोटारसायकली सुरू झालेल्या असतात. गोव्याची हद्द हाकेवर. आमच्या तालुक्यातली माणसं तिकडे हॉटेलांत, कारखान्यांत राबतात. शनिवार-रविवार पर्यटकांचे, म्हणून त्या दोन दिवशी रजा मिळत नाही.

सात. हॉटेलात खोल्या आवरायला जाणारी एक बाई साबण आणि बिस्किटं घेते.

"काकानू, लिवून ठेवा. रविवारचो जादा पैसो बंद केल्यानी."

तिला रविवारी दीडपट हजेरी मिळायची. आता सुट्टी बुधवारी देतात आणि रविवार साधा धरतात. बुधवारी मुलं शाळेत, नवरा काजूच्या बागेत. असली सुट्टी तिच्या काय कामाची?

दहा. गिऱ्हाईक तुरळक. सकाळच्या बाईचा रविवार डोक्यातून जात नाही. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती 10 जून 1890 पासून. त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. पुढे 1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्याला 48 तासांवरच्या कामाला दुप्पट मजुरी लावली. पण जादा मजुरीसाठी कायदा तास मोजतो, वार बघत नाही. दुसऱ्या वारी सुट्टी दिली की तास भरत नाहीत आणि रविवारचे जादा पैसे मालकाच्या मर्जीवर राहतात. लोखंड्यांचा रविवार सगळ्यांना एकत्र मिळणारा होता. तो असा सुटा करून वाटणं मला अन्याय वाटतं.

दुपारी एक. समोर मासळीवालीकडे बांगडे उरलेत. रविवार असूनही.

चार. रविवारची कपात फक्त इथलीच नाही. ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी 2017 मध्ये तिथल्या फेअर वर्क आयोगाने किरकोळ दुकानांतल्या कायम कामगारांचा रविवारचा दर दुपटीवरून टप्प्याटप्प्याने दीडपटीवर आणायचा निर्णय दिला. मजुरी स्वस्त झाली की दुकानदार जास्त वेळ दुकान उघडतील, जास्त माणसं ठेवतील, असा युक्तिवाद होता. मी स्वतः दुकानदार आहे. हाताखाली पोरगा ठेवायचा की नाही हे मी दारातल्या गर्दीवरून ठरवतो. गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा नसेल तर फुकट आलेला पोरगाही माझ्या दुकानात माशा मारीत बसेल.

रात्री साडेआठ. माणसं परततात. पेट्रोल गोव्यातच भरून येतात, तिकडे स्वस्त पडतं. पण तांदूळ, तेल, वह्या, औषधं इथेच घेतात. तिकडे कापलेला पैसा इथल्या बाजारातून जातो तो असा. लिटरची पिशवी घेणारे आज पाव किलो तेल मागतात, मुलांचा खाऊ तर कुणी मागतच नाही.

साडेनऊ. सावंतवाडीच्या घाऊक व्यापाऱ्याला फोन लावतो: तेलाचे डबे या खेपेला निम्मेच पाठवा, आणि फरसाण नकोच.