ऑइल जातं कुठं?

जयगड बंदरातून जमिनीवरून बाहेर पडणारा माल रस्त्यानेच जातो. बंदर कोकण रेल्वेला जोडणारा जयगड–डिंगणी मार्ग आखला गेला, पण त्यावर गाडी काही धावली नाही. २००९ साली जेएसडब्ल्यूचं बंदर सुरू झाल्यापासून जांभ्याच्या सड्यावरच्या या रस्त्याला मालट्रकांची सवय झाली आहे. चाफेरी, जाकादेवी करत ते निवळी फाट्याला महामार्ग धरतात. कोल्हापूरला जाणारे पुढे हातखंबा, पाली, साखरपा मागे टाकून आंबा घाटाला लागतात. या रांगेत नव्या बीएस-सहा गाड्या आहेत, तशाच दहा-पंधरा वर्षं घासलेल्याही. जुन्या गाडीच्या मालकाची एक तक्रार ठरलेली असते: ‘गाडी ऑइल खायला लागली.’

गॅरेजातलं उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलं असतं. रिंगा गेल्या, हाफ इंजिन करून टाका. म्हणजे पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंग असा मोठा खर्च आणि गाडी कित्येक दिवस उभी. काही वेळा ते खरंच लागतं. पण इंजिनातून ऑइल बाहेर जाण्याच्या वाटा किमान अर्धा डझन आहेत आणि रिंगा ही त्यातली फक्त एक. बाकीच्या तपासण्याआधी हेड उतरवणं म्हणजे निदानाआधी शस्त्रक्रिया.

पहिला प्रश्न असा की गाडी खरोखर किती ऑइल खाते? चालक किलोमीटरमध्ये सांगतो: हजारामागे एक लिटर, दीड लिटर. पण बंदरावर भरणीसाठी तासन्‌तास चालू इंजिनाने उभ्या राहणाऱ्या गाडीवर हा हिशेब अन्याय करतो. काटा हलत नाही आणि इंजिन मात्र फिरत असतं. म्हणून ऑइलची तुलना डिझेलशी करणं जास्त खरं. भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर देत असेल, तर हजार किलोमीटरला २५० लिटर डिझेल जळतं. तेवढ्यात अर्धा लिटर ऑइल कमी झालं, तर प्रमाण ०.२ टक्के. मुरलेल्या डिझेल इंजिनाला ०.१ ते ०.३ टक्क्यांपर्यंतचा खप ढोबळमानाने चालून जातो. एक लिटर गेलं तर ०.४ टक्के, म्हणजे आता शोध घ्यायला हवा. दोन-तीन लिटर जात असेल, तर टाळाटाळ नको.

मोजण्यातही फसगत होते. डिपस्टिक पाहायची ती गाडी सपाटीवर उभी करून आणि इंजिन बंद झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून, म्हणजे वर चढलेलं ऑइल तळाच्या चेंबरमध्ये उतरतं. काही चालक काळजीपोटी वरच्या खुणेच्याही वर ऑइल भरतात. मग फिरणारा क्रँक ते घुसळतो आणि जास्तीचं ऑइल चेंबरची हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरमधून बाहेर पडतं. अशा गाडीत ऑइल झटकन खाली येतं आणि दोन खुणांच्या मध्ये कुठेतरी स्थिरावतं. तिथून ते हलत नसेल, तर दोष इंजिनाचा नव्हे, भरणाऱ्या हाताचा.

उलट प्रकार जास्त धोक्याचा. ऑइल जळत असतं, तरी डिपस्टिकवर कमी होत नाही, कारण फीड पंपाच्या फाटक्या डायफ्रॅममधून किंवा पंपाच्या झिजलेल्या सीलमधून डिझेल चेंबरमध्ये उतरत असतं. मालक खूश, बेअरिंग मात्र पातळ ऑइलवर फिरतंय. डिपस्टिकला डिझेलचा वास आला किंवा ऑइल बोटावर पाण्यासारखं निसटलं, तर ‘गाडी ऑइल खात नाही’ ही बातमी चांगली समजू नये.

आता बाहेरची गळती. चालत्या गाडीत वारा ऑइल मागे उडवतो. त्यामुळे मागचा भाग माखलेला दिसला, तरी गळती पुढच्या टायमिंग कव्हरमधून किंवा वरच्या टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून असू शकते. इंजिन धुऊन, सुकवून, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारायची आणि एक फेरी करायची. जिथे पहिली काळी रेघ उमटते, तिथून शोध सुरू. सगळीच सीलं एकदम गळू लागली असतील, तर ती बदलण्याआधी ब्रीदर पाहावा. तो काजळीने तुंबला, तर चेंबरमधला दाब वाढतो आणि ऑइलला वाट मिळेल तिथून ढकलतो. तसं झालं असेल, तर नवी सीलंही महिनाभरात गळतात.

यानंतरची दोन ठिकाणं गॅरेजात सर्रास सुटतात. एक, ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर. त्याला वंगण इंजिनातलंच मिळतं. त्याच्या रिंगा झिजल्या, तर ऑइल हवेबरोबर टाकीत जातं. हवेच्या टाकीचा ड्रेन उघडायचा. कोकणच्या दमट हवेत पाणी निघणारच, पण त्याबरोबर दुधाळ, चिकट राड भरपूर आली, तर इंजिनाला हात लावायची गरज नाही. हे ऑइल ब्रेकच्या वॉल्वमधलं रबरही फुगवतं, म्हणून इथे चालढकल परवडत नाही.

दुसरं ठिकाण टर्बो. त्याच्या दांड्यावरची सीलं रबराची नसतात. ऑइल अडवायला त्यांना बऱ्याच अंशी हवेच्या दाबाची साथ लागते. बंदराच्या रांगेत आयडलिंगवर तो दाब नगण्य असतो आणि थोडं ऑइल झिरपतं. एअर फिल्टर तुंबला की त्यात भर पडते. हवा मिळेना म्हणून टर्बोचं चाक पोकळी निर्माण करतं आणि ऑइल ओढून घेतं. कोळशाची भुकटी आणि जांभ्याची लाल धूळ खाणाऱ्या गाडीचा फिल्टर किती लवकर भरतो, हे इथल्या फिटरला सांगायला नको. इंटरकूलरच्या पाइपात नुसता ओलावा असेल तर ठीक. ऑइल साचलं असेल, तर आधी फिल्टर आणि टर्बोचा रिटर्न पाइप तपासायचा, मग टर्बो.

इथवर काहीच सापडलं नाही, तर संशय आत जातो. या कामाला आंबा घाटासारखं दुसरं यंत्र नाही आणि त्याचं भाडंही लागत नाही. भरल्या गाडीने चढ चढताना सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत असेल, तर रिंगांकडे बोट जातं, कारण सिलिंडरमधला दाब तेव्हा सर्वात जास्त असतो. काळा धूर हा वेगळा विषय आहे. तो जास्त डिझेलचा किंवा कमी हवेचा. लांब उतार इंजिनाच्या ब्रेकवर उतरून सपाटीला ॲक्सिलरेटर दाबताच निळा लोट आला, तर वॉल्व गाईड किंवा टर्बो. इथे एक सावधगिरी हवी. पेट्रोल गाडीत थ्रॉटल बंद असताना जोरदार पोकळी तयार होते आणि गाईडमधून ऑइल खेचलं जातं. जुन्या डिझेल इंजिनाला थ्रॉटलच नसतो. त्यामुळे मोटारीच्या गॅरेजातला हा नियम ट्रकला जसाच्या तसा लावता येत नाही.

खात्री धुराच्या रंगाने होत नाही. ब्लो-बाय मोजावा लागतो, म्हणजे रिंगांना चुकवून चेंबरमध्ये उतरणारा वायू. ऑइल भरायचं झाकण सैल करून पाहणं हा रस्त्यावरचा उपाय, ब्रीदरला मीटर लावणं हा खरा. नंतर सिलिंडरमध्ये हवा सोडून ती कुठून फुसफुसते ते ऐकायचं. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट वॉल्व, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उतरवल्यावर सहापैकी एकच तोंड ओलं दिसलं, तर दोष त्या एका सिलिंडरचा.

रिंगा गेल्याच असतील, तर त्या का गेल्या हे विचारल्याशिवाय नव्या बसवू नयेत. इथलं नेहमीचं कारण धूळ. फिल्टरनंतरच्या रबरी पाइपची एक सैल क्लिप पुरते. ऑइलच्या नमुन्यात सिलिकॉन वाढलेलं दिसलं, तर धूळ आत जात असल्याचा प्रयोगशाळेचा नेहमीचा निष्कर्ष निघतो आणि ॲल्युमिनियम वाढलं, तर पिस्टन झिजल्याचा. पण जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमचीच संयुगं भरपूर असतात. म्हणून सड्यावर फिरणाऱ्या गाडीचा अहवाल वाचताना पिस्टनला लगेच दोषी धरू नये.

दुसरं कारण कार्बन. ऑइल बदलायला उशीर झाला, आयडलिंग वाढलं, की पिस्टनच्या माथ्याजवळ कडक कार्बन धरतो. तो सिलिंडरची भिंत घासून आरशासारखी गुळगुळीत करतो. होनिंगच्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा पुसल्या जातात. ऑइलचा पातळ थर धरून ठेवायचं काम त्याच रेघांचं. अशा भिंतीवर नुसत्या नव्या रिंगा टाकल्या, तर त्या बसतच नाहीत.

काम कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात किंवा आणखी कुठे करा, तिथे इंजिनाची जात सांगावी लागते. टाटाच्या बऱ्याच जुन्या ट्रकांत कमिन्सचं ५.९ लिटरचं बी मालिकेचं इंजिन आहे. टाटा आणि कमिन्सची भागीदारी १९९३ची. या इंजिनात मूळ लायनर नसतो, पिस्टन थेट ब्लॉकच्या १०२ मिलिमीटर बोअरमध्ये चालतो. ‘लायनर बदला’ हे वाक्य इथे गैरलागू. बोअर मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचे आणि तेही संपलं की स्लीव्ह.

इंजिन बांधून झालं, की मालक गाडी जपून, रिकामी, हळू चालवायला सांगतो. यात गडबड होते. नव्या रिंगा भिंतीवर दाबल्या जातात त्या सिलिंडरमधल्या वायूच्या दाबाने आणि तो दाब ओझ्याशिवाय येत नाही. फार तापू न देता, मध्यम भार घालून, चढ-उतारावर गाडी चालवायची आणि रांगेत उभी असताना इंजिन बंद ठेवायचं. सुरुवातीच्या काही हजार किलोमीटरला ऑइल थोडं जास्तच जातं. दर डिझेल भरणीला त्याची नोंद वहीत घ्यायची. आकडा खाली येत जाऊन एका जागी थांबला, की रिंगा बसल्या.