एका ग्रॅमात गुंठाभर

शिरूरकडे विहीर खणताना काळा दगड लागला की पोरं विचारतात, "आजोबा, हा कोळसा का नाही?" बाळांनो, हा दगड आगीतून आला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटली, लाव्हा वाहिला, थरांवर थर बसले. आपल्या घोड आणि भीमा नद्या त्याच थरांवरून वाहतात. कोयनेला शास्त्रज्ञांनी खोल छिद्रं घेतली, तर लाव्हा संपताच थेट ग्रॅनाइटसारखा पुरातन खडक लागला, मध्ये कोळसा नाहीच. दौंडला रेल्वेची वाफेची इंजिनं होती तेव्हाही त्यांचा कोळसा बाहेरूनच यायचा. महाराष्ट्राचा कोळसा आहे चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, उमरेडकडे.

तिथे सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी दलदल होती. ग्लॉसोप्टेरिस नावाची झाडं पाण्यात पडायची, पण हवा न मिळाल्यानं पुरती कुजायची नाहीत. वर वाळू आणि चिखल साचत गेला, तसं ते सगळं खोल दबलं, तापलं आणि त्याचा कोळसा झाला. होता होता मिथेन वायू सुटला. सुरुवातीला तो सूक्ष्मजीवांनी तयार केला, पुढे उष्णतेनं.

तो राहतो कुठे? कोळशात पोकळ खोली नसते. डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रं असतात आणि वायूचे रेणू त्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. एक ग्रॅम कोळशातल्या या भिंती उलगडून पसरल्या, तर गुंठाभर जमीन सहज झाकेल! मला तर निसर्गाची ही करामत सगळ्यात थोर वाटते.

पण प्रत्येक कोळशात वायू सारखा नसतो. थर जितका खोल, तितका दाब जास्त आणि वायूही जास्त चिकटतो. कोळसा जितका पक्व, तितका त्यात वायू जास्त तयार होतो. ओलावा मात्र वायूच्या जागा अडवतो, आणि कोळशातली माती वायू धरतच नाही. थराच्या माथ्यावर चिकणमातीचा घट्ट खडक असेल तर वायू कोंडून राहतो. वाळूचा सच्छिद्र खडक किंवा उघडी भेग असेल तर लाखो वर्षांत हळूहळू निसटतो.

आता झारखंडमधल्या झरियाच्या खाणी पाहा. तिथला कोळसा अधिक पक्व, म्हणून वायूही जास्त. शिवाय ठिकठिकाणी तापलेला शिलारस थरांत घुसला आणि लगतचा कोळसा भाजून निघाला. खाणकामगार त्याला 'झामा' म्हणतात. वर्धा खोऱ्यातला, म्हणजे आपल्या चंद्रपूर-बल्लारपूरकडचा कोळसा इतका पक्व झालेला नाही, ओलावाही जास्त, म्हणून त्यात वायू कमी.

खाणीत किती वायू सुटतो, हे मोजावंच लागतं. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की एका ठिणगीनं स्फोट होतो. आपल्याकडे खाणीतल्या थरांच्या तीन श्रेण्या केल्या आहेत. काढलेल्या टनामागे १ घनमीटरपेक्षा कमी वायू सुटला तर पहिली, १० घनमीटरच्या वर गेला तर तिसरी. माझ्या मते खाली उतरणाऱ्या माणसाला आपल्या थराची श्रेणी तोंडपाठ हवी.

हाच वायू इंधन म्हणूनही मिळवतात. बंगालच्या राणीगंजमध्ये कोळशात विहिरी घेऊन आधी पाणी उपसतात. पाणी गेलं की दाब उतरतो, दाब उतरला की रेणू भिंती सोडतात आणि वायू नळातून वर येतो.